नाण्यांवरची चित्रं, लाडकी आणि नावडती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, बेलापूर या पट्ट्यात नाणी जमवायला लागलेल्या मंडळींचे प्रश्न साधारण तेच ते असतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. आवडनिवड ज्याची त्याची, पण तिच्यामागे धातूची, मापाची आणि वापराची ठोस कारणं असतात. भर त्यांच्यावर आहे.

नाण्याचं चित्र चांगलं की वाईट, हे कशावरून ठरवायचं?

नुसतं देखणं असून भागत नाही. ठाणे स्टेशनबाहेर शेअर रिक्षात तिघांच्या मध्ये अडकून बसल्यावर खिशात हात घालून, न बघता, नेमकं दोनचं नाणं काढता आलं तर ते नाणं पास.

मुरलेले संग्राहक पहिल्यांदा आकार आणि कड बघतात: बोटांना फरक कळतो का? मग चित्र. विषय एकच असावा, त्याच्याभोवती मोकळी जागा असावी, आकडा हातभर अंतरावरून वाचता यावा. आणि शेवटी झीज. वीस वर्षं गल्ल्यात फिरल्यावरही गेंडा गेंडाच दिसला पाहिजे, बटाटा नाही.

यात धातूचा हात मोठा आहे. नाणं पाडताना धातूची चकती दोन ठशांमध्ये दाबली जाते आणि धातू एकाच वेळी दोन्हीकडच्या खोलगट भागांत शिरतो. सिंहाचा सर्वांत उंच भाग आणि मागच्या चित्राचा सर्वांत उंच भाग पाठीला पाठ लावून आले तर दोघांना पुरेल इतका धातूच तिथे नसतो, आणि एक बाजू पुसट उठते. तांबे-निकेल मऊ असतं, त्यात उठाव चांगला येतो. १९८८ पासून आलेलं स्टेनलेस स्टील (८३ टक्के लोखंड, १७ टक्के क्रोमियम) कडक. त्यात खोल चित्र कोरलं तर ठसा लवकर तडकतो, म्हणून उठाव कमीच ठेवावा लागतो. ‘हल्लीची नाणी सपाट दिसतात’ या तक्रारीत निम्मा दोष चित्रकाराचा नसून पोलादाचा आहे.

सगळ्यांत लाडकं चित्र कोणतं?

एकमत होणार नाही, पण तीन नावं प्रत्येक गप्पांत निघतात.

पहिला १९४७ चा वाघाचा रुपया. एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला चालता वाघ. शुद्ध निकेल, वजन ११.६६ ग्रॅम, व्यास २८ मिलिमीटर. वाघाची पावली (पाव रुपया) आणि अधेलीही (अर्धा रुपया) आहे, ती १९४६ आणि १९४७ ची. दुसऱ्या महायुद्धानंतर चांदी काढून निकेल आणलं गेलं, त्या काळातली ही नाणी. चित्रात एकच प्राणी, भोवती हवा, अक्षरं बाजूला. राजाकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही.

दुसरा १९५० चा घोड्याचा पैसा. प्रजासत्ताकाची पहिली मालिका १५ ऑगस्ट १९५० ला आली. पैशावर घोडा, अर्धा आणा, एक आणा आणि दोन आण्यांवर बैल, पावली-अधेली-रुपयावर धान्याच्या दोन ओंब्या. घोडा आणि बैल कुठून तरी उचललेले नाहीत. सारनाथच्या सिंहस्तंभावर सिंहांच्या पायाखाली जो पट्टा आहे, त्यात हत्ती, घोडा, बैल आणि सिंह कोरलेले आहेत, त्यातलेच हे दोघे. म्हणजे नाण्याच्या एका बाजूला सिंह उभे आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्याच चौथऱ्यावरचा घोडा. दोन्ही बाजू एकमेकींशी बोलतात असं भारतीय नाण्यांत क्वचितच घडलं. घेताना जाडी बघा: १९५० चा पैसा जाड आहे, पुढच्या वर्षांचे पातळ होत गेले.

तिसरा त्याच मालिकेतला बैलाचा दोन आणे. गोलसर कोपऱ्यांचा चौकोन, तर एक आणा पाकळ्यांच्या कडेचा. अंधारातही चुकायला जागा नाही. बैलाचं वशिंड हा चित्रातला उंच भाग. तिथे भिंग लावून बघा, वशिंडावरची चकाकी शाबूत असेल तर नाणं फारसं फिरलेलं नाही.

गेंड्याच्या चार आण्यांचं एवढं कौतुक का?

कारण गेल्या चाळीसेक वर्षांत रोजच्या व्यवहारात आलेल्या नाण्यांत इतकं साधं आणि नेमकं चित्र दुसरं नाही. १९८८ ते २००२ पर्यंतचे २५ पैसे, स्टेनलेस स्टील, व्यास साधारण १९ मिलिमीटर, वजन २.८३ ग्रॅम. एवढ्याशा जागेत एक शिंग, अंगावरच्या ढालीसारख्या घड्या आणि तरी आजूबाजूला मोकळीक. उठाव कमी असूनही प्राणी ओळखू येतो, कारण चित्रकाराने बारकाव्यांपेक्षा बाह्यरेषेवर भर दिला. पोलादावर हेच करावं लागतं.

नवशिक्यांनी संग्रहाची सुरुवात गेंड्यापासून करावी. फिरलेली नाणी अगदी स्वस्त मिळतात, वर्षं भरपूर आहेत आणि टांकसाळींच्या खुणा शिकायला याहून चांगली पाटी नाही.

ठाणेकरांसाठी खास असं एखादं नाणं आहे का?

आहे, आणि ते अजूनही फार महाग नाही. रेल्वेला १५० वर्षं झाली तेव्हा निघालेलं २००३ चं दोन रुपयांचं नाणं. त्यावर हातात कंदील घेतलेला ‘भोलू’ हत्ती, रेल्वेचा गार्ड. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली १४ डब्यांची पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटरवर येऊन थांबली ती ठाण्यातच, त्यामुळे हे नाणं इथल्या बहुतेक संग्रहांत असतं.

चित्र म्हणून मात्र मतं दोन. लहान मुलांना भोलू भयंकर आवडतो. जुनी मंडळी कुरकुरतात: वाफेचं इंजिन द्यायला काय झालं होतं? कुरकूर रास्त आहे. पण छोट्या चकतीवर इंजिनाचे दांडे, चाकं आणि धूर बसवायचा तर सगळं पुसट होण्याचीच शक्यता जास्त होती. हत्ती निदान ओळखू तरी येतो.

ॲल्युमिनियमच्या हलक्या नाण्यांबद्दल संग्राहक काय म्हणतात?

चित्रांबद्दल फार नाही, आकारांबद्दल खूप. एक पैसा आणि पाच पैसे चौकोनी, दोन पैसे पाकळ्यांच्या कडेचे, तीन पैसे षटकोनी. चित्र जवळपास नाहीच, नुसता आकडा. तरी हातात घेतल्यावर गोंधळ होत नाही. नाण्याच्या आराखड्यात आकार हा अर्धा मजकूर असतो, हे या नाण्यांवरून शिकावं. दुर्दैवाने पुढे आपण ते विसरलो.

पितळी रंगाचं कमळाचं वीस पैशांचं नाणं (१९६८ ते १९७१) हा त्या काळातला अपवाद. ते मात्र चित्रासाठीच जमवतात.

आणि सर्वांत नावडतं?

२००५-०६ सालचं दोन रुपयांचं स्टीलचं नाणं, ज्याला सगळे ‘क्रॉसवालं’ म्हणतात. संकल्पना होती ‘विविधतेत एकता’: मध्ये एकमेकींना छेदणाऱ्या रेघा आणि चार ठिपके. हीच खूण एक रुपयावर आली आणि पुढे दहा रुपयांवरही. लोकांना त्यात धर्मचिन्ह दिसलं आणि ओरड झाली. तो वाद बाजूला ठेवला तरी चित्र म्हणून ते नापासच होतं. अमूर्त खूण समजावून सांगावी लागते, आणि नाणं घेताना समजावून सांगायला कोणी शेजारी उभं नसतं.

खरा घाव दुसरीकडे बसला. त्याआधीचं दोन रुपयांचं नाणं तांबे-निकेलचं होतं, अकरा बाजूंचं, २६ मिलिमीटर, ६ ग्रॅम, त्यावर भारताचा नकाशा आणि झेंडा. बोटांना कोपरे लागायचे. नवं नाणं गोल झालं, स्टीलचं झालं आणि रुपयाच्या शेजारी ठेवलं तर वेगळं कळेना. अंध व्यक्तींची मोठी अडचण झाली. अकरा कोनांच्या नकाशाबद्दल आजही संग्राहक हळवे होतात ते उगाच नाही.

अंगठा आणि दोन बोटांची नाणी आवडती की नावडती?

मधली. २००७ पासून आलेली ही हस्तमुद्रांची मालिका, नृत्यातल्या मुद्रांवरून घेतलेली: ५० पैशांवर मूठ, रुपयावर वर केलेला अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटं. कल्पना हुशार आहे. ज्याला आकडे वाचता येत नाहीत त्यालाही दोन बोटं म्हणजे दोन रुपये हे कळतं. आधीच्या गोंधळावरचा तो उतारा होता.

पण कोरीवकामात हात फुगीर आणि कडक आले. बोटांची पेरं, नखं यांना जो नाजूकपणा नृत्यात असतो तो सपाट पोलादात उतरला नाही. अंगठ्याचं नाणं पाहून मुंबईकराला भरतनाट्यम नाही, दुसरंच काहीतरी आठवतं. तरीही क्रॉसपेक्षा बरं, असं आमचं मत.

२०११ नंतर एक आणि दोन रुपयांत एवढा घोळ का होतो?

हा प्रश्न वाशीच्या बाजारापासून एनएमएमटीच्या (नवी मुंबईच्या बससेवेच्या) कंडक्टरपर्यंत सगळ्यांचा. उत्तर मापात आहे. पट्टी घेऊन बसा.

जुने ५० पैसे (स्टील): २२ मिमी, ३.७९ ग्रॅम.
२०११ चा नवा १ रुपया: २२ मिमी, ३.७९ ग्रॅम.

जुना १ रुपया (स्टील): २५ मिमी, ४.८५ ग्रॅम.
२०११ चे नवे २ रुपये: २५ मिमी, ४.८५ ग्रॅम.

म्हणजे प्रत्येक नाणं एक पायरी खाली सरकलं. नव्या रुपयाने जुन्या अधेलीचं अंग घेतलं, नव्या दोन रुपयांनी जुन्या रुपयाचं. धातू तोच, रंग तोच. जुनी नाणी बाद न करता नवी आणल्यामुळे गल्ल्यात दोन्ही एकत्र फिरत राहिली, आणि हाताला पडलेली सवय रोज फसत राहिली. या मालिकेत रुपयाचं नवं चिन्ह पहिल्यांदा नाण्यावर आलं (चिन्ह स्वीकारलं १५ जुलै २०१० ला), ते ठळक आणि देखणं आहे. पण चिन्ह एक आणि दोन दोन्हींवर सारखंच, त्यामुळे ओळख पटवायला त्याचा उपयोग शून्य.

दहा रुपयांवर वर १० रेघा असतात की १५? १५ वालं खोटं ना?

दोन्ही खरी. १५ रेघांचं नाणं आधीचं, रुपयाचं चिन्ह नसलेलं. १० रेघांचं २०११ पासूनचं, चिन्ह असलेलं. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं होतं की तोवर निघालेली दहा रुपयांच्या नाण्याची १४ चित्रं सगळी वैध आहेत. चौदा चित्रं एका किमतीला! लोकांनी संशय घेतला यात नवल ते काय. संग्राहकांची मात्र चंगळ झाली. त्या घोळक्यातलं होमी भाभा जन्मशताब्दीचं २००९ चं नाणं आवर्जून ठेवा.

वीस रुपयांचं नवं नाणं कसं आहे?

चांगलं. बारा बाजू, कडेला दाते नाहीत, २७ मिमी, ८.५४ ग्रॅम, बाहेरचं कडं आणि आतली चकती वेगवेगळ्या रंगांची. ही मालिका मार्च २०१९ मध्ये जाहीर करताना अंध व्यक्तींचा विचार उघडपणे केला होता, आणि तो जाणवतो. चित्र पुन्हा धान्याचं, १९५० च्या ओंब्यांची आठवण करून देणारं.

जून २०२२ मध्ये आलेल्या अमृत महोत्सवाच्या मालिकेवर नाराजी आहे ती एकाच कारणाने: एक, दोन, पाच, दहा, वीस या सगळ्यांवर तेच बोधचिन्ह. पाच नाणी लावून ठेवली की एकच नाणं पाच मापांत काढल्यासारखं वाटतं.

७५, १२५, १५० रुपयांची नाणी बाजारात का दिसत नाहीत?

ती व्यवहारासाठी नसतातच. संग्राहकांसाठी पाडतात आणि टांकसाळ महामंडळाच्या संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी करून, दर्शनी किमतीपेक्षा बऱ्याच जास्त किमतीला विकतात. उदाहरणार्थ नव्या संसद भवनाचं २०२३ चं ७५ रुपयांचं नाणं: ४४ मिमी, ३५ ग्रॅम, ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त.

जागा भरपूर असल्याने यांतली काही चित्रं सुरेख येतात. पण ज्या नाण्याने कधी वडापाव विकत घेतला नाही, त्याला नाणं म्हणायचं की पदक, यावर वाद चालू राहील. घेताना टांकसाळीचं मूळ बंद पाकीट आणि माहितीपत्रक दोन्ही असल्याची खात्री करा. पाकीट फोडलेलं असेल तर पुढे विकताना किंमत उतरते.

शिवराई घ्यायची आहे. काय बघावं?

मराठी घरात हा प्रश्न येणारच. तांब्याचं नाणं, एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र / पति’. ती महाराजांच्या पुढेही कितीतरी वर्षं पाडली जात राहिली, त्यामुळे बाजारात मिळणाऱ्या बहुतेक शिवराया नंतरच्या काळातल्या असतात. मध्ये दोन आडव्या रेघा असलेली ती दुदांडी, तीही नंतरचीच. ‘राज्याभिषेकाच्या वेळची अस्सल’ असं सांगून कोणी दुदांडी पुढे केली तर हसून परत द्या.

अस्सल शिवराई हाताने ठोकलेली असते. ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून अक्षरं कडेला कापली जातात. कुठे ‘श्री’ अर्धी, कुठे ‘पति’ची वेलांटीच गायब. कडेला ठोक्याने गेलेले बारीक तडे दिसतात. बनावट नाणी बहुधा ओतीव असतात: १० पटींच्या भिंगातून पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे, कडेवर साच्याचा सांधा, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत, आणि सगळी अक्षरं पूर्ण. पूर्ण अक्षरं पाहून नवशिका खूश होतो, जाणकार तिथेच सावध होतो.

दोन कायदे लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. आणि शेतात, पाया खणताना वगैरे नाण्यांचा साठा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं राम-सीता किंवा हनुमानाचं नाणं किती जुनं आहे?

ते नाणंच नाही. कंपनीने असं चित्र कधी काढलं नाही. पुढे कधीतरी कोणीतरी विकण्यासाठी बनवलेले हे बिल्ले आहेत. खरी कंपनीची नाणी बघायची तर मुंबई इलाख्याचा तांब्याचा तराजूचा पैसा बघा: दोन पारडी आणि त्यांच्यामध्ये फारसी अक्षरांत ‘अदल’, म्हणजे न्याय. फार साधं, फार देखणं, आणि अजून परवडणारं.

‘हे नाणं तांदूळ ओढतं’, ‘विजेरी बंद पाडतं’ असं सांगणारा माणूस भेटला तर नाणं न बघताच निघा. ती सरळ फसवणूक असते.

वैष्णोदेवीचं नाणं लाखोंना जातं म्हणे?

नाही. ते चलनात आलेलं पाच आणि दहा रुपयांचं नाणं आहे. ‘आधी नोंदणी शुल्क भरा, मग लाख रुपये देतो’ म्हणणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सावध केलं आहे. नाणं विकणाऱ्याने पैसे भरायचे नसतात, घ्यायचे असतात.

चित्र पुसट आहे. नाणं झिजलंय की पाडतानाच तसं आलं?

दिव्याखाली तिरकं धरून हळूहळू फिरवा. पुसट भागावरूनही प्रकाशाची लकेर बाकीच्या नाण्यासारखीच सरकत असेल तर ठोका अर्धवट बसलेला आहे, नाणं फिरलेलं नाही. तिथे लकेर तुटत असेल आणि रंग मंद असेल तर झीज. सिंहाच्या बाजूला मधल्या सिंहाचं नाक आणि आयाळ आधी बघा, ओंब्यांवर दाण्यांच्या रेषा.

फिरलेला ठसाही, म्हणजे एक बाजू दुसरीच्या मानाने तिरकी उठली आहे का, हे तपासा. नाणं वर-खाली दोन बोटांत धरा, सिंह सरळ ठेवा आणि पान उलटल्यासारखं आडवं फिरवा. मागचं चित्र सरळ यायला हवं. पाच-दहा अंशांचा कल सर्रास असतो, त्याला कोणी विचारत नाही. पाव किंवा अर्धा फेरा फिरलेलं मिळालं तर वेगळं ठेवा.

टांकसाळीची खूण कुठे असते?

सालाच्या खाली. चौकट (पत्त्यांतल्यासारखी) म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नाही म्हणजे कोलकाता. परदेशात पाडून घेतलेल्या काही नाण्यांवर अक्षरं किंवा सालाच्या एखाद्याच आकड्याखाली खूण असते. नाण्यावर ‘एम’ दिसला तर तो बहुधा मुंबईच्या प्रूफ (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या) नाण्याचा. झिजलेल्या चौकटीचा ठिपका दिसतो, त्यामुळे मुंबई आणि नोएडा यांची गल्लत सर्वांत जास्त होते. भिंगाशिवाय ठरवू नका.

घासून चमकवलं तर चालेल का?

नाही. चिंच, लिंबू, पितळेची पावडर, टूथपेस्ट, राख, काही नाही. घासल्यावर नाणं चमकतं, पण ती चमक बारीक ओरखड्यांची असते आणि जाणकाराला एका नजरेत कळते. ॲल्युमिनियमच्या नाण्यांना धुण्याचा सोडा तर अजिबात लावू नका, तो धातूच खातो.

चिकटपणा असेल तर एवढंच करा. काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन घ्या (नखांचा रंग काढायचं सुगंधी द्रावण नव्हे), नाणं पाच मिनिटं बुडवा, कडेला धरून काढा, हवेवर सुकू द्या. खिडकी उघडी आणि गॅस बंद हवा. मातीसाठी डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर भिजवा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते सीलबंद बाटलीतलं पाणी चालतं, फक्त बाटलीवर ‘डिस्टिल्ड’ लिहिलेलं आहे आणि ते ॲसिड नाही हे दोनदा वाचा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, तांब्यावर डाग पडतात.

इथल्या पावसाळ्यात नाणी कशी ठेवायची?

खाडीच्या दोन्ही काठांवर जून ते सप्टेंबर हवा ओली असते, आणि नाण्यांचा खरा शत्रू चोर नसून ही हवा आहे.

स्टेशनरीच्या दुकानातले मऊ, वास येणारे प्लास्टिकचे अल्बम टाळा. ते पीव्हीसीचे असतात. दोन-तीन पावसाळ्यांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. शंका असेल तर कसोटी सोपी आहे. गॅलरीत जा, तांब्याची तार पकडीत धरून लाल होईपर्यंत तापवा, प्लास्टिकच्या कोपऱ्याला टेकवा आणि तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. धूर नाकात जाऊ देऊ नका.

पुठ्ठ्याच्या चौकटीत मायलरची (पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मची) खिडकी असलेली पाकिटं घ्या. स्टेपलच्या पिना पकडीने सपाट दाबा, नाहीतर त्या शेजारच्या नाण्यावर ओरखडे काढतात. पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सिलिका जेलच्या पुड्या घाला. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर तास-दोन तास सुकवून परत वापरता येतात. पन्नास टक्क्यांखाली आर्द्रता राहिली की झालं. छोटा आर्द्रतामापक डब्यातच ठेवा. लाकडी कपाट आणि वर्तमानपत्राचा कागद दोन्ही नकोत, त्यांतल्या आम्लाने चांदी आणि तांबं काळवंडतं.

तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवे, भुकटीसारखे ठिपके दिसले तर ते नाणं लगेच वेगळं काढा. साधा हिरवा थर घट्ट असतो, हा रोग मात्र पसरतो.

लोहचुंबकाने नाणं खरं-खोटं कळतं का?

अर्धवट. गेंड्याचे २५ पैसे आणि स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतात. वाघाचा रुपया आणि १९५० चा रुपयाही चिकटतात, कारण निकेलही चुंबकीय आहे. त्यामुळे ‘चिकटलं म्हणजे लोखंड, म्हणजे खोटं’ हा नियम इथे उलटा पडतो. वाघाचा रुपया चिकटला नाही तर उलट संशय घ्या. अकरा कोनांचे दोन रुपये चिकटत नाहीत. चुंबकाबरोबर ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि डिजिटल कॅलिपर हवाच.

पन्नास पैसे अजून चालतात का?

कायद्याने चालतात, एका वेळी दहा रुपयांपर्यंत. दुकानदार घेत नाही ती गोष्ट वेगळी. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बंद आहेत, गेंडा आता फक्त संग्रहातच.

चित्रांचा छोटा संग्रह करायचा तर कोणती नाणी घ्यावीत?

बारा पुरतात: घोड्याचा पैसा, बैलाचा दोन आणे, वाघाची पावली (रुपयापेक्षा स्वस्त), तराजूचा पैसा, चौकोनी पाच पैसे, कमळाचे वीस पैसे, गेंडा, अकरा कोनांचे दोन रुपये, भोलू, क्रॉसवाले दोन रुपये, अंगठ्याचा रुपया आणि बारा बाजूंचे वीस रुपये. नावडती मुद्दाम घातली आहेत. चांगल्या चित्राची किंमत शेजारी फसलेलं चित्र ठेवल्याशिवाय कळत नाही.

नवी नाणी दुकानाच्या गल्ल्यात आणि देवळाच्या दानपेटीच्या चिल्लरमध्ये मिळतात, जुन्यांसाठी विश्वासू विक्रेता आणि पावती. घ्यायच्या आधी चांगल्या अवस्थेतली नाणी डोळ्यांखालून घाला. फोर्टमध्ये सर फिरोजशहा मेहता रोडवर रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून चालत जाता येतं. जाण्याआधी सुट्टीचा वार बघून घ्या.